आई-बाबांना घेऊन मॉन्सल ट्रेलवर: जुन्या रेल्वेमार्गावरची सोपी वाट

इंग्लंडात मुलांकडे राहायला आलेल्या आई-बाबांचे पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग मुलं कामाला गेली की खिडकीशी बसून रिकाम्या रस्त्याकडे बघणं सुरू होतं. माझी आई तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "इथं माणसंच दिसत नाहीत गं. आणि डोंगर एवढे जवळ असून आपण आपले घरातच." डोंगर तिला हवा होता, पण गुडघ्यांना चढ चालत नव्हता. डोंगर असावा आणि चढ नसावा, अशी जागा शोधताना मॉन्सल ट्रेल सापडली. तेव्हापासून शेफील्ड, मँचेस्टर, डर्बी, नॉटिंगहॅम या बाजूला नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी घराला मी पहिली हीच वाट सांगते. शिकायला आलेल्या मुलांना, बाबागाडी ढकलणाऱ्यांना, आणि "आम्ही काही चालणाऱ्यांतले नाही" असं आधीच ठरवून बसलेल्यांना तर आवर्जून.

ही वाट एवढी सपाट कशी

डर्बीशर परगण्यात पीक डिस्ट्रिक्ट हे राष्ट्रीय उद्यान आहे. 1951 साली जाहीर झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर फाटक, तिकीट आणि जीप येते. इथे तसलं काही नाही. गावं, शेतं, मेंढ्या, चर्चचे मनोरे, सगळं उद्यानाच्या आतच आहे आणि आत यायला पैसे पडत नाहीत.

या उद्यानातून वाय नदी वाहते. तिच्या दरीतून मिडलंड रेल्वे कंपनीने मार्ग काढला आणि 1863 साली तो बक्स्टन गावापर्यंत पोचला. पुढे लंडन ते मँचेस्टर गाड्या याच मार्गाने धावायच्या. आपल्या भोरघाटातून गाडी सुरू झाली तीही 1863 सालीच, एप्रिल महिन्यात. पण दोन्हीकडच्या कामाचा स्वभाव अगदी वेगळा. सह्याद्रीच्या भिंतीवर गाडी चढवायची म्हणून भोरघाटात 37 फुटांना एक फूट इतका खडा चढ घ्यावा लागला. इथे दरीच्या कडेकडेने, बोगदे खोदत आणि पूल बांधत, चढ अगदी हलका ठेवता आला. 1968 साली हा मार्ग बंद झाला, रूळ निघाले, आणि 1981 पासून इथे चालायची वाट झाली. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे म्हणून ज्यांनी एवढा आटापिटा केला, त्यांची मेहनत आता आपल्या गुडघ्यांच्या कामी येते.

पूर्ण वाट साडेआठ मैलांची, म्हणजे 13.7 किलोमीटरची. एक टोक बेकवेल गावाजवळ, दुसरं बक्स्टनच्या अलीकडे ब्लॅकवेल मिलपाशी. वाटेत सहा बोगदे. त्यांतले चार लांबलचक, प्रत्येकी चारशे मीटरच्या आगेमागे. हे चार बरीच वर्षं बंद होते आणि तिथे पोचलं की वर चढून डोंगराला वळसा घालावा लागायचा. मे 2011 मध्ये ते दिवे लावून खुले झाले आणि तेव्हापासून वाट सलग सपाट झाली. म्हणून पूर्वी येऊन गेलेल्या कुणी "मध्ये चढण आहे" असं सांगितलं, तर ती जुनी गोष्ट समजा.

आधी ठरवा: किती चालायचं

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण वाट चालायला निघणं. वाट सरळ एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते, गोल फिरून गाडीपाशी येत नाही. जितकं पुढे जाल तितकंच परत यायचं आहे, हे निघतानाच डोक्यात असू द्या.

पहिल्या खेपेला माझा आग्रह एकच. बेकवेलजवळच्या हॅसप या जुन्या स्थानकापासून निघा, हेडस्टोन बोगद्यातून जा, पलीकडच्या मोठ्या पुलावर पोचा, पोटभर बघा आणि परत फिरा. जाऊन-येऊन साधारण आठ किलोमीटर. ज्येष्ठांच्या चालीने, बसत-उठत, तीन तास धरा. ज्यांना तेही जास्त वाटतं त्यांनी हॅसपहून ग्रेट लाँगस्टनच्या जुन्या स्थानकापर्यंतच जावं. ते निम्म्यावर आहे. तिथून परतलात तरी चार किलोमीटर झालेच.

पुलाचा फोटो बघून बरेच जण थेट मॉन्सल हेडला गाडी लावतात. ती जागा पुलाच्या बरोबर वर, कड्याच्या टोकाशी आहे आणि तिथून दिसणारं दृश्य अप्रतिम आहे, पण खाली वाटेवर यायला तीव्र उतार आणि पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांना किंवा बाबागाडी घेऊन तिथून मुळीच उतरू नका. आईला मी पहिल्यांदा तिथूनच नेलं होतं. अर्ध्या उतारावर ती कठड्याला धरून उभी राहिली आणि "तू जा, मी इथेच बसते" म्हणाली. पुढच्या रविवारी हॅसपहून गेलो, तेव्हा तीच आई माझ्या पुढे चालत होती.

दिवस आणि वेळ

मे आणि जून सगळ्यात चांगले. एप्रिलअखेरीपासून कडेच्या गवतात काउस्लिपची पिवळी झुंबरं दिसू लागतात, मेमध्ये जांभळी ऑर्किडं येतात आणि जूनमध्ये ऑक्स-आय डेझीने उतार पांढरे होतात. ऑक्टोबरात पानं रंगतात तेही सुंदर असतं. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी सायकलींची गर्दी असते. तेव्हा जायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत पोचा.

हिवाळ्यातही जाता येतं, पण घड्याळ सांभाळा. डिसेंबरात इथे चारच्या आधीच सूर्य मावळतो. बोगद्यातले दिवे दिवसाउजेडीच चालू असतात, अंधार पडू लागला की बंद होतात. एका नोव्हेंबरात थर्मासमधला चहा संपवण्याच्या नादात मला पुलावर उशीर झाला आणि परत येताना बोगद्याच्या मध्यावर दिवे गेले. मोबाइलच्या उजेडात भिंतीला हात लावत बाहेर आले. भिंत थंडगार, ओली आणि खडबडीत होती, आणि पाणी ठिबकण्याचा आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नव्हतं. मोबाइलची बॅटरी संपली असती तर काय, हा विचार घरी येईपर्यंत गेला नाही. तेव्हापासून पिशवीत छोटी टॉर्च असतेच. तुम्हीही ठेवा, उन्हाळ्यातसुद्धा.

पोचायचं कसं

गाडी असेल तर हॅसप स्थानक सगळ्यात सोयीचं. बेकवेलपासून दीड किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याला लागूनच आहे. जुन्या स्थानकाच्या इमारतीत आता कॅफे आहे, सायकली भाड्याने मिळतात आणि गाडी लावायला पैसे भरून जागा मिळते.

गाडी नसेल तरी अडत नाही. शेफील्डहून बेकवेलला बस येते. डर्बीहून मॅटलॉक, बेकवेल करत बक्स्टनला जाणारी बसही आहे. मँचेस्टरवाल्यांना बक्स्टनपर्यंत रेल्वे मिळते, पुढे बस. रविवारी आणि बँक हॉलिडेला फेऱ्या कमी असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री वेळापत्रक बघा आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. बेकवेलच्या बाजारातून वाटेपर्यंत जायला नदीवरचा दगडी पूल ओलांडून स्टेशन रोडने दहा-पंधरा मिनिटं चढावं लागतं. बसने येणाऱ्यांसाठी दिवसातला खरा चढ हाच, तोही सुरुवातीलाच. सावकाश चढा. बेकवेलहून निघालात तर जाऊन-येऊन तीन किलोमीटर वाढतात, तेही हिशेबात धरा.

पिशवीत काय

नेहमीचे चालायचे बूट पुरतात, वाट बारीक खडी दाबून केलेली आहे. चपला-सँडल मात्र नकोत. ऊन असलं तरी वाऱ्या-पावसाचं जाकीट घ्याच, कारण बाहेर वीस अंश असताना बोगद्यात एकदम गारठा लागतो. आई-बाबांसाठी मी एक मफलर जादा ठेवते. कानाला वारा लागला की त्यांचा पुढचा सगळा दिवस त्यातच जातो.

पाणी घरून भरून न्या. खायला मेथीचे ठेपले, नाहीतर पोळीत बटाट्याची सुकी भाजी गुंडाळून. पातळ भाजीच्या भानगडीत पडू नका, बाक असले तरी टेबल असेलच असं नाही. रिकाम्या पिशव्या, संत्र्याची सालं, कागदी नॅपकिन, सगळं परत आणायचं. स्वच्छतागृहं हॅसपच्या कॅफेत, बेकवेल गावात आणि पुढे मिलर्स डेलला आहेत. मधल्या पट्ट्यात नाहीत, त्यामुळे निघण्याआधी सगळ्यांनी जाऊन या. घरातल्या मोठ्यांना हे संकोच न करता स्पष्ट सांगा, ते स्वतःहून विचारत नाहीत.

आता चाला

हॅसपला वाटेवर आलात की फलकावर मॉन्सल हेडची दिशा बघून निघा. वाट रुंद आहे, पण ती फक्त चालणाऱ्यांची नाही. सायकली, घोडे, कुत्री, चाकांच्या खुर्च्या, सगळेच इथे असतात. डावीकडून चाला. आपण मराठी माणसं गप्पांच्या नादात चौघं-पाचजण आडवे पसरतो, ते इथे टाळायचं. मागून घंटी वाजली की ती चिडून वाजवलेली नसते. "येतोय हं" एवढंच तिचं म्हणणं असतं. बाजूला व्हा, सायकलवाला "थँक यू" म्हणत पुढे जाईल. समोरून येणारी अनोळखी माणसंही "मॉर्निंग" म्हणतात, आपणही म्हणावं. आईला हे फार आवडलं. माणसं दिसत नाहीत ही तिची तक्रार त्या दिवसापुरती तरी संपली.

पहिले दोन किलोमीटर मोकळ्या शेतांमधून जातात. दगड रचून घातलेले गडगे, त्यापलीकडे मेंढ्या, डोक्यावरून जाणारे दगडी पूल. ग्रेट लाँगस्टनच्या स्थानकाचा फलाट अजून शाबूत आहे. त्याच्या काठाशी उभं राहून वाटेकडे बघा. आपण जिथे चाललो तिथे रूळ होते, हे तिथे पहिल्यांदा अंगात भिनतं. फलाटाची उंची मध्येच कमरेशी येते आणि लहान मुलांना लगेच गाडी-गाडी खेळावंसं वाटतं.

पुढे वाट डोंगर कापून केलेल्या खिंडीत शिरते. इथे चालणं थांबवून दगड जवळून बघा. आपल्या डोळ्यांना काळ्या कातळाची सवय, लाव्हारसाच्या बेसॉल्टची. हा दगड राखाडी-पांढरा आहे, कारण ही चुनखडी आहे. तेहतीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा आणि सागरी जीवांचा थर साचून ती तयार झाली. नीट निरखलं तर काही दगडांत शर्टाच्या बटणासारख्या गोल चकत्या दिसतात. त्या क्रिनॉइड नावाच्या सागरी जीवाच्या देठाचे तुकडे. बेसॉल्टमध्ये असलं काही सापडत नाही, त्यामुळे किल्ल्यांवर वर्षानुवर्षं भटकलेल्या माणसालाही ही गोष्ट नवी असते. हात लावून बघा, पण उकरून घेऊ नका. फुलांचंही तसंच. ती या चुनखडीच्या हलक्या मातीवरच अशी दाट येतात.

मग हेडस्टोन बोगदा. लांबी 487 मीटर. आत शिरताना गॉगल काढा, क्षणभर थांबून डोळे सरावू द्या. लहान मुलांचा हात धरा, सायकली आतूनही जातात. मुलं ओरडून प्रतिध्वनी ऐकणारच, एकदा ऐकू द्या. आतली हवा गार आणि दगडाच्या वासाची. डोक्यावर एखादा थेंब पडतो. मध्यावर आलात की दिव्यांच्या रांगेच्या शेवटी नाण्याएवढा उजेड दिसतो. तो मोठा होत जातो, कमानीच्या आकाराचा होतो, त्यात हिरवा रंग उतरतो, आणि बोगदा संपतो तो थेट पुलावर. पायाखालची जमीन दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि खाली वाय नदी मोठं वळण घेताना दिसते. ही वाट मी किती वेळा चालले ते मोजलेलं नाही, पण या जागी दर वेळी पाय आपोआप थांबतात. वरून, मॉन्सल हेडहून पूल दिसतो. बोगद्यातून आलात तर दरी भेटते. म्हणूनच हॅसपचा आग्रह.

पाच कमानींचा हा पूल आता इंग्लंडचा संरक्षित वारसा आहे. बांधला तेव्हा मात्र जॉन रस्किन या विचारवंताने त्यावर कडाडून टीका केली होती. बक्स्टनच्या मूर्खाला अर्ध्या तासात बेकवेल गाठता यावं आणि बेकवेलच्या मूर्खाला बक्स्टन, एवढ्यासाठी देवांची दरी बिघडवली, असा त्याचा संताप होता. तो संताप मला खोटा वाटत नाही, दरी बघितली की त्याचं दुःख कळतं. पण गाड्या शंभर वर्षं धावून थांबल्या, पुलाच्या दगडांवर शेवाळ आणि नेचे आले, आणि माझ्या आईला चालत या दरीच्या मधोमध येता आलं ते त्याच पुलामुळे.

पुलावर कठड्याला टेकून उभे राहा, कठड्यावर बसू नका, मुलांना बसवू नका. समोरच्या टेकडीचं नाव फिन कॉप. तिच्या माथ्यावर लोहयुगातल्या किल्ल्याच्या तटबंदीचे अवशेष आहेत. गडकोटांची आवड असलेल्या बाबांना हे जरूर दाखवा, त्यांचा पाऊण तास कसा जाईल कळणार नाही. डबा इथे, वाटेच्या कडेला, सायकलींना जागा सोडून उघडा.

इथून मागे फिरायचं. परतीचा रस्ता तोच असला तरी उजेड बदललेला असतो आणि जाताना न दिसलेलं बरंच काही दिसतं.

पुढच्या खेपेला

पहिली फेरी जमली की दुसऱ्यांदा मिलर्स डेलपासून सुरुवात करा आणि बेकवेलच्या दिशेने चाला. हे अंतर साधारण दहा किलोमीटर आणि त्या बाजूला वाट किंचित उताराची आहे. बसची नीट जुळणी करता आली, किंवा दोन कुटुंबांनी मिळून दोन्ही टोकांना एकेक गाडी ठेवली, तर परत चालायची गरजच नाही.

मिलर्स डेलला एकेकाळी पाच फलाटांचं गजबजलेलं स्थानक होतं. आज तिथे कॅफे, स्वच्छतागृहं आणि वाहनतळ आहे. शेजारी दरीवर दोन पूल जोडीने उभे आहेत, एक 1863 चा, दुसरा गाड्या वाढल्यावर 1905 साली बांधलेला. जरा पुढे चुन्याच्या प्रचंड भट्ट्या लागतात. किल्ल्यावर बांधकामाचा चुना मळायची दगडी घाणी आपण पाहिलेली असते. त्या घाणीत पडणारा चुना आधी कसा भाजत असतील, हा माझा लहानपणापासूनचा प्रश्न होता. इथे भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर निदान त्या कामाच्या धगीचा अंदाज आला. वरून दगड आणि कोळसा टाकायचा, खालून भाजलेला चुना काढून गाडीत भरायचा, असं ते काम.

त्यापुढे लिटन आणि क्रेसब्रुक हे दोन बोगदे, आणि त्या दोन गावांतल्या सूतगिरण्या. नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या या गिरण्या अठराव्या शतकात सुरू झाल्या. लिटनच्या गिरणीत अनाथ मुलांना आणून राबवत, आणि तिथले हाल इतके होते की ते नाव इंग्लंडच्या इतिहासात बदनाम झालं. दोन बोगद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून खाली क्रेसब्रुकची गिरणी स्वच्छ दिसते. आता तिथे फ्लॅट आहेत. लालबाग-परळची माणसं हे वाक्य ऐकून गप्प होतात, असा माझा अनुभव आहे.

मिलर्स डेलहून उलट दिशेला, ब्लॅकवेल मिलकडे, सुमारे तीन किलोमीटरचा तुकडा आहे. दरी इथे सगळ्यात अरुंद, झाडी सगळ्यात दाट. राखेसारख्या सालीची वाळलेली किंवा तोडलेली झाडं दिसली तर ती ॲशची. एका बुरशीच्या रोगाने या दऱ्यांमधली ही झाडं मोठ्या संख्येने मरत आहेत आणि धोकादायक झालेली तोडावी लागतात. क्वचित कुठे वाट तात्पुरती बंद असेल तर त्याचं कारण बहुधा हेच, तेव्हा दोरी ओलांडून जाऊ नका. इथूनच खाली नदीकाठाने चीडेलची पायवाट जाते. पाण्यातल्या दगडांवरून पाय टाकत जायची ती वाट देखणी आहे, पण निसरडी आहे, पाऊस झाला की पाण्याखाली जाते. ज्येष्ठांना तिकडे नेऊ नका. पुलावर उभं राहून खाली नदीत बघा, खडकावर बसून सारखा खालीवर झुकणारा, पांढऱ्या छातीचा तपकिरी पक्षी दिसेल. तो डिपर. पाण्यात बुडी मारून तळाशी चालत तो किडे शोधतो.

चालून झालं की बेकवेलला थांबा. सोमवारी आठवडी बाजार भरतो, चीज आणि भाजी चांगली मिळते. बेकवेल पुडिंग इथलंच, बाहेर पापुद्र्याचं कवच आणि आत बदामाचा मऊ थर. त्यात अंडं असतं, त्यामुळे न खाणाऱ्यांना आधी सांगा. आई नदीकाठच्या बाकावर बसून फक्त चहा घेते आणि पायाशी आलेल्या बदकांकडे बघत विचारते, "पुढच्या रविवारी पाऊस नाही ना?"